शलाका आणि मिकदह : मध्ययुगीन अरबी नेत्रवैद्यांची शस्त्रे

काही वर्षांपूर्वी एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात यंत्र-शस्त्रांचे दालन पाहण्याचा योग आला. काचेच्या पेटीत पितळेची घडवलेली शस्त्रे ओळीने मांडली होती आणि प्रत्येकाखाली संस्कृत नावाची चिठ्ठी होती. लिंगनाशाच्या वेधनासाठी म्हणून ठेवलेल्या शलाकेपाशी आम्ही थबकलो. तिचे टोक त्रिधारी होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील सतराव्या अध्यायात या शलाकेचे वर्णन आले आहे : लांबी आठ अंगुळे, मध्यभागी सूत्राचे वेष्टन, मुखे कळीच्या आकाराची, धातू तांबे, लोह किंवा सुवर्ण. कळीचा त्रिधार कसा झाला, असे आम्ही तेथील तरुण अध्यापकांना विचारले. त्यांनी प्रांजळपणे सांगितले की, कारागिराला इतिहासाच्या एका पुस्तकातील चित्र दाखवून शस्त्र घडवून घेतले होते. ते पुस्तकही त्यांनी आणून दाखवले. चित्र होते कॉर्डोव्ह्याच्या अबुल कासिम अल्-झहरावीच्या अरबी ग्रंथातील.

यात त्या अध्यापकांचा फारसा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. सुश्रुताने एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे नावानिशी सांगितली. परंतु आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांची जी चित्रे आज दिसतात ती पाठावरून अर्वाचीन काळात कल्पून काढलेली आहेत. कारागिराला पाठ कळत नाही, त्याला आकृती लागते. ती ज्यांनी काढून ठेवली त्यांचीच आकृती आपल्या पेटीत आली. तेव्हा ज्यांनी ती काढली ते लोक कोण होते, त्यांच्या पेटीत काय काय होते आणि त्यांतले आपल्या ग्रंथांशी काय जुळते, याची विचारपूस करावी असे मनात आले. हा लेख त्या विचारपुशीतून सिद्ध झाला आहे.

कह्हाल आणि शालाकी

अरबी भाषेत नेत्रवैद्याला कह्हाल म्हणतात. कुहल म्हणजे अंजन. अंजन घालतो तो कह्हाल. त्यांच्या शास्त्राचे नाव औषधावरून पडले. आपल्या शास्त्राचे नाव शालाक्य, ते पडले शलाकेवरून, म्हणजे साधनावरून. पुढे घडले मात्र नेमके उलटे. औषधाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यांनी शस्त्रे वापरली, त्यांची चित्रे काढली, रुग्णांच्या हकीकती लिहून ठेवल्या. शस्त्राच्या नावाने ओळखले जाणारे आम्ही शतकानुशतके अंजने, वर्ती आणि तर्पणे यांवर निर्वाह करीत राहिलो. या विधानाने काही वाचक दुखावतील याची आम्हांस कल्पना आहे.

इस्लामी जगातील नेत्रवैद्यकाची सुरुवात बगदादमध्ये झाली. अब्बासी खलिफांच्या काळात तेथे ग्रीक, सिरियाई, फारसी आणि संस्कृत ग्रंथांची अरबी भाषांतरे होऊ लागली. खलिफा हारून अल्-रशीद (राज्यकाल इ. स. ७८६ ते ८०९) याचा वजीर याह्या इब्न खालिद हा बर्मकी घराण्यातला. त्याच्या आज्ञेवरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचे अरबी रूपांतर केले, अशी नोंद इब्न अल्-नदीमच्या दहाव्या शतकातील ग्रंथसूचीत आहे. अरबांनी सुश्रुताला 'सुसरुद' केले आणि चरकाला 'शरक'. अल्-राझीने आपल्या विशाल वैद्यकसंग्रहात सुश्रुताचा दाखला नावासह दिलेला आहे.

येथवर वाचून आपल्यापैकी अनेकांची छाती फुगेल. तथापि, अरबी नेत्रशस्त्रे म्हणजे सुश्रुताचीच शस्त्रे असे जे आपल्या व्यासपीठांवरून बेधडक सांगितले जाते, ते पुराव्याला धरून नाही. शलाकेने मोतीबिंदू खाली ढकलण्याचे कर्म रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लॅटिनमध्ये वर्णिले आहे, आणि सातव्या शतकातील एजिनाच्या पॉलचा शस्त्रकर्मविषयक ग्रीक ग्रंथ अरबांच्या नित्य वाचनात होता. बगदादचा हुनैन इब्न इसहाक (इ. स. ८०९ ते ८७३) हा धर्माने ख्रिस्ती, त्याने डोळ्यांवर दहा प्रकरणांचा जो ग्रंथ रचला, त्याचा मुख्य आधार गॅलन आहे. दोन नद्यांचे पाणी एका तळ्यात आले. कोणत्या नदीचे किती, हे आज मोजून सांगणे कठीण आहे.

पाण्याची कल्पना

मोतीबिंदूचे स्वरूप हे लोक कसे समजत होते ते आधी पाहिले पाहिजे, कारण त्यांच्या शस्त्रांचा आकार त्या समजुतीतून आला. ग्रीकांप्रमाणे अरबांचीही धारणा अशी की, डोक्यातून एक द्रव खाली उतरतो, बाहुलीच्या मागे साचतो आणि थिजतो. म्हणून त्यांनी या व्याधीला 'उतरलेले पाणी' असे नाव दिले. युनानी वैद्य आजही 'नुजूल-उल-मा' म्हणतात ते हेच. हे नाव लॅटिनमध्ये गेले तेव्हा धबधबा या अर्थाचा शब्द योजला गेला, आणि इंग्रजीतील 'कॅटरॅक्ट' त्यातूनच आले. डोळ्यातील स्फटिकासारखे भिंगच गढूळ होते ही गोष्ट युरोपातही अठराव्या शतकाच्या आरंभी, पिएर ब्रिसो याने १७०५ मध्ये मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला तेव्हापासून, हळूहळू मान्य होऊ लागली. सुश्रुतानेही दृष्टीतील कफदोष असाच विचार केला होता. तेव्हा या बाबतीत सर्वांचीच चूक सारखी होती.

हे पाणी शलाकेने बाहुलीसमोरून खाली दाबून बसवायचे, की प्रकाशाची वाट मोकळी होते. या कर्माला अरबीत कद्ह म्हणतात आणि ज्या सुईने ते करायचे ती मिकदह. वस्तुतः खाली जाते ते संपूर्ण भिंग. ते डोळ्याच्या आतील द्रवात पडून राहते. त्यामुळे रुग्णाला तत्काळ दिसू लागते हे जितके खरे, तितकेच पुढे शोथ होऊन किंवा डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो हेही खरे.

अल्-झहरावी (मृत्यू इ. स. १०१३ च्या सुमारास) याने आपल्या तीस प्रकरणांच्या 'अल्-तस्रीफ' ग्रंथातील अखेरच्या प्रकरणात हे कर्म इतक्या बारकाईने सांगितले आहे की, आपल्या पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म या चौकटीत ते जसेच्या तसे बसते. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून मांडी घालून बसवावे. निरोगी डोळा बांधून टाकावा. डावा डोळा असेल तर मिकदह उजव्या हातात, उजवा असेल तर डाव्या हातात धरावे. कृष्णमंडलाच्या कडेपासून एका सळईच्या जाडीइतके अंतर सोडून, कानाच्या बाजूस, पांढऱ्या भागावर टोक ठेवावे आणि हात फिरवीत जोराने दाबावे. आत पोकळी लागल्याचे हाताला जाणवते. बाहुलीपासून कृष्णमंडलाच्या कडेपर्यंत जेवढे अंतर तेवढेच शस्त्र आत जावे. मग ते बाहुलीतून दिसू लागते. ते साचलेल्या पाण्याच्या वर नेऊन खाली दाबावे. पुन्हा वर आले तर पुन्हा दाबावे. ते स्थिरावले की शस्त्र हलकेच फिरवीत बाहेर काढावे.

सुश्रुताचा सतरावा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना साम्य सांगण्याची आवश्यकता नाही. डाव्या डोळ्यासाठी उजवा हात आणि उजव्यासाठी डावा, अपांगाच्या बाजूने प्रवेश, सिरा टाळणे, हे दोन्हीकडे आहे. अंतर मात्र वेगळे : सुश्रुत कृष्णभागापासून शुक्लाचे दोन भाग सोडावयास सांगतो, झहरावी त्याहून पुष्कळ जवळून जातो. सुश्रुत डोळ्यावर स्तन्याचे सेचन करतो आणि डोळ्याला घृत लावून तो वस्त्राने बांधतो. झहरावी सैंधवासारखे खनिज मीठ पाण्यात विरघळवून डोळा धुतो, आणि आपल्या काळातील रीत म्हणून अंड्याच्या पांढऱ्यात कुटलेले जिरे कालवून वर ठेवल्याचे सांगतो. नंतर दोन्ही डोळे बांधून रुग्णाला अंधाऱ्या खोलीत उताणे निजवायचे, हालचाल आणि खोकला वर्ज्य. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून दृष्टी पाहायची, पुन्हा सातव्या दिवसापर्यंत बांधायची. कर्म झाल्याबरोबर रुग्णाला वस्तू दाखवून परीक्षा घेऊ नये, टक लावून पाहण्याने पाणी पुन्हा वर चढते, असाही त्याचा इशारा आहे. आपल्याकडे शिंक, खोकला, ढेकर आणि थुंकणे वर्ज्य सांगितले आहे, त्याचे कारण हेच.

शस्त्राबद्दल झहरावी म्हणतो की, मिकदह तांब्याचेच असावे आणि त्याचे बारीक टोक त्रिधारी, अणकुचीदार असावे. प्रदर्शनात आम्ही पाहिलेले टोक ते हेच. काहींचा डोळा कठीण असतो, मिकदह आत शिरत नाही. अशा वेळी 'अल्-बरीद' नावाचे लहान शस्त्र घेऊन वरचे शुक्ल पटल तेवढे छेदावे, खोल जाऊ नये, केवळ वाट करून द्यावी, असे तो सांगतो. बरीद या शब्दाचा अरबीतील परिचित अर्थ डाक. पुढे जाऊन वाट करून देणाऱ्या शस्त्राला असे नाव मिळावे हे आम्हांस मोठे गमतीचे वाटले. सुश्रुताने एकाच शलाकेवर दोन्ही कामे सोपवली आहेत आणि म्हणूनच तिच्या दोषांची यादी दिली आहे : खरखरीत शलाकेने शूल होतो, जाड टोकाने व्रण मोठा होतो, अति तीक्ष्ण असेल तर ती अनेक प्रकारे इजा करते. ज्याने हातात शलाका धरली नाही त्याला ही यादी सुचणार नाही.

कोणावर शस्त्र धरू नये याविषयी अरबी ग्रंथ विशेष दक्ष आहेत. रुग्णाला दिव्याचा किंवा उन्हाचा उजेड जाणवतो की नाही हे आधी पाहायचे. एक डोळा मिटला असता दुसऱ्याची बाहुली रुंदावते का, हे पाहण्याची गॅलनपासून चालत आलेली परीक्षाही ते करीत. उजेडच जाणवत नसेल तर दोष मागे नाडीत आहे, शस्त्राचा उपयोग नाही. आजचा नेत्रतज्ज्ञ 'प्रकाशज्ञान' तपासतो तेव्हा याच प्रश्नाचे उत्तर शोधत असतो.

तिबेरियासचा रुग्ण

या सर्व इतिहासात आमचे मन ज्याच्यापाशी सर्वाधिक रेंगाळले तो म्हणजे अम्मार इब्न अली अल्-मौसिली. नावाप्रमाणे तो मूळचा इराकमधील मोसूलचा. गावोगाव हिंडत, शस्त्रकर्मे करीत तो अखेर इजिप्तमध्ये स्थिरावला आणि फातिमी खलिफा अल्-हाकिम (राज्यकाल इ. स. ९९६ ते १०२१) याला त्याने आपला नेत्ररोगांवरील ग्रंथ अर्पण केला. अम्मारने रोग थोडे सांगितले, परंतु स्वतः केलेल्या मोतीबिंदूच्या सहा शस्त्रकर्मांच्या हकीकती लिहून ठेवल्या.

त्यांतील एक हकीकत पोकळ सुईची आहे. अम्मारने धातूची पोकळ सुई घडवली होती, परंतु ती कोणावर वापरण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. पॅलेस्टाइनमधील तिबेरियास येथे एक मनुष्य त्याच्याकडे आला. माझे वाटेल ते करा, पण मला उताणे निजता येत नाही, अशी त्याची अडचण होती. ही अडचण शस्त्रकर्म करणाऱ्यालाच कळेल. शलाकेने दाबलेला मोतीबिंदू खाली राहावा म्हणून रुग्णाने दिवसच्या दिवस निश्चल पडून राहावे लागते; ते ज्याला जमत नाही त्याच्यावर कद्ह करून फळ नाही. अम्मारने पोकळ सुई आत घातली आणि मोतीबिंदू ओढून बाहेर काढला. रुग्णाला लगेच दिसू लागले. त्याला उताणे निजण्याची गरज उरली नाही, तो हवा तसा निजला. सात दिवस डोळा तेवढा बांधून ठेवला. पुढे इजिप्तमध्ये या सुईने आपण पुष्कळ कर्मे केली, असे अम्मार लिहितो.

यातील तर्क पाहण्याजोगा आहे. मोतीबिंदू हे जर पाणी असेल, तर ते दाबून का ठेवायचे, शोषूनच का घेऊ नये? समजूत चुकीची होती, परंतु तिच्यापासून निघालेले शस्त्र बरोबर होते, निदान मऊ मोतीबिंदूपुरते तरी. कठीण झालेले भिंग बारीक नळीतून ओढले जात नाही. त्यासाठी १९६७ साल उजाडावे लागले, जेव्हा न्यूयॉर्कच्या चार्ल्स केल्मन यांनी स्वनातीत कंपनांनी भिंगाचा चुरा करून तो पोकळ सुईने शोषून घेण्याची रीत काढली. आज 'फेको' म्हणून आपले रुग्ण जे करून घेतात ते हेच होय.

आपल्यापूर्वी ही सुई कोणी वापरली नाही, असा अम्मारचा दावा आहे. तो तंतोतंत खरा मानता येत नाही. त्याच्या आधी सुमारे शंभर वर्षे अल्-राझीने, अँटिलस या ग्रीक शस्त्रवैद्याचा हवाला देऊन, काचेच्या नळीने मोतीबिंदू शोषून घेतल्याचा उल्लेख केला आहे. परंतु उल्लेख वाचणे वेगळे आणि सुई घडवून, योग्य रुग्णाची वाट पाहून, ती वापरणे वेगळे. त्याच सुमारास दूर स्पेनमध्ये झहरावीच्या कानी ही वार्ता गेली. इराकमधील कोणी सांगितले की, तेथे पोकळ मिकदह करून पाणी ओढून घेतात. आपल्या देशात कोणी तसे केल्याचे आपण पाहिले नाही, पूर्वाचार्यांच्या ग्रंथांतही वाचले नाही, कदाचित ते नवे असेल, असे त्याने नमूद केले. जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहिले नाही.

आकडे, कात्री आणि घोड्याचा केस

मोतीबिंदूखेरीज इतर कर्मांकडे ओझरते पाहू. आपण ज्याला अर्म म्हणतो त्याला अरबीत जफरा, म्हणजे नखासारखी वाढ, असे नाव आहे. फारसीत आणि उर्दूत नाखुना. झहरावी सिन्नारा नावाच्या आकड्याने ती उचलतो, सुईने तिच्या मध्यातून दोरा आणि घोड्याच्या शेपटीचा केस ओवतो, केसाने खालून सोडवीत नेतो आणि मग छेदतो. नाकाकडील कोपऱ्यातले स्वाभाविक मांस मात्र कापू नये, कापल्यास डोळ्यातून कायम पाणी वाहते, असे बजावतो. सुश्रुत बडिशाने अर्म उचलतो, मंडलाग्राने छेदतो, आणि कनीनकापाशी चतुर्थांश मांस राखून ठेवावे, अन्यथा रक्तस्राव आणि नाडीव्रण होतो, असे सांगतो. आकडा तोच, भीतीही तीच.

पापणीचे केस आत वळतात त्या पक्ष्मकोपात सुश्रुत पापणीवरील त्वचेचा यवाच्या आकाराचा तुकडा काढून केसाने शिवतो. झहरावीचा तुकडा एका सुगंधी झुडपाच्या पानासारखा असतो. ते झुडूप म्हणजे 'आस' होय, आणि आपल्या युनानी औषधांच्या दुकानांत त्याची फळे 'हब-उल-आस' या नावाने मिळतात. पोथकीसारख्या रोगात पापणीचा आतील भाग खरवडण्यासाठी ग्रीकांपासून अंजिराचे खरखरीत पान वापरीत आले. आपल्याकडे गोजी, शेफालिका आणि साग यांची पाने अनुशस्त्रांत गणली आहेत. पारिजातकाचे पान बोटाने चोळून पाहिलेल्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

चित्रे कशासाठी

झहरावीने या प्रकरणात सुमारे दोनशे यंत्र-शस्त्रांची चित्रे दिली आहेत. ती का दिली हे तो प्रस्तावनेत सांगतो. आपल्या देशात हाताने शस्त्रकर्म करणारा कुशल वैद्य उरलेला नाही, ही विद्या जवळजवळ नष्ट झाली आहे, शारीर जाणल्यावाचून जे शस्त्र धरतात ते माणसे मारतात, अशी त्याची खंत आहे. अज्ञ वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापताना रक्तवाहिन्या छेदल्या आणि ती तेथेच मेली, असे उदाहरणही त्याने दिले आहे. लुप्त होऊ घातलेली विद्या शब्दांनी टिकणार नाही, हे ओळखून त्याने चित्रे काढली. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडो येथे या प्रकरणाचे लॅटिन भाषांतर केले आणि ही चित्रे युरोपच्या शस्त्रवैद्यांच्या हाती गेली.

केवळ नेत्रशस्त्रांची चित्रे पाहावयाची तर तेराव्या शतकातील सिरियाकडे जावे लागते. अलेप्पो येथील खलिफा इब्न अबिल-महासिन (येथे खलिफा हे व्यक्तिनाम आहे) याने आपल्या ग्रंथात नेत्रकर्मांची छत्तीस साधने चित्रांसह दिली आहेत : कात्र्या, आकडे, चिमटे, पाती, डागण्या, मिकदह. डोळे आणि मेंदू यांचा संबंध दाखवणारी आकृतीही त्यात आहे. एकाक्ष रुग्णाच्या उरलेल्या एकुलत्या डोळ्यावरील मोतीबिंदूही त्याने काढला, इतका त्याचा आपल्या हातावर विश्वास होता.

चित्रे आहेत म्हणून ती डोळे मिटून स्वीकारावीत असेही नाही. प्रतिलिपी करणाऱ्याने शस्त्र पाहिलेले नसे. एका प्रतीतील बारीक सुई दुसऱ्या प्रतीत फावड्यासारखी दिसते. ग्रंथात वर्णिलेले प्रत्येक शस्त्रकर्म प्रत्यक्षात होतच होते असे धरून चालू नये, असा इशारा एमिली सॅव्हेज-स्मिथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी दिला आहे. तो आपल्या ग्रंथांनाही लागू आहे. परंतु मोतीबिंदूच्या कर्माविषयी अम्मारने रुग्णाची अडचण, गाव आणि परिणाम यांसह जे लिहिले, ते मागून ऐकून लिहिण्यासारखे नाही.

आपल्याकडे वेधनाची विद्या पूर्ण नाहीशी झाली असे मात्र नव्हे. ती वैद्यांच्या हातून सुटली आणि गावोगाव फिरणाऱ्यांच्या हाती राहिली. मद्रासच्या नेत्ररुग्णालयात अनेक वर्षे काम केलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१७ मध्ये लंडनमध्ये दिलेली व्याख्याने याच भारतीय वेधनावर होती. त्यांनी पाहिलेले डोळे बहुतेक बिघडलेले होते, त्यामुळे त्यांचा सूर कडवट आहे. परंतु फिरस्ता पट्टी सोडण्यापूर्वीच पुढच्या गावी गेलेला असतो, हे त्यांचे निरीक्षण खोडून काढता येत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य आणि शालाक्य यांच्या पदव्युत्तर शिक्षणात ५८ शस्त्रकर्मे नामनिर्देशपूर्वक समाविष्ट केली. त्यांपैकी १९ शालाक्याची असून मोतीबिंदूचे कर्म त्यांत आहे. ११ डिसेंबर २०२० रोजी आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने देशव्यापी निषेध केला, आणि आपल्या सभांतून सुश्रुताच्या नावाने उत्तरे दिली गेली. आमचे मत असे की, या वादात सुश्रुताचे नाव घेण्याचा अधिकार ज्याने किती कर्मे केली, किती डोळे वाचले आणि किती गेले याची वही ठेवली आहे त्यालाच आहे. अम्मारने सहा हकीकती ठेवल्या. आपल्यापैकी किती शालाकींनी साठ ठेवल्या आहेत?

मुहतसिबाची झडती

औषधविक्रेत्या वाचकांना हा लेख आतापर्यंत परक्याचा वाटला असेल, परंतु अरबी नगरांत परीक्षा दोन्ही पेट्यांची होत असे, शस्त्रांच्या आणि औषधांच्याही. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला मुहतसिब म्हणत; वजनमापे, भेसळ आणि धंद्यातील लबाडी हा त्याचा विषय. बाराव्या शतकात सिरियातील अल्-शैझरी याने मुहतसिबासाठी जी मार्गदर्शिका लिहिली, तीत कह्हालांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कह्हालाची परीक्षा हुनैनच्या दहा प्रकरणांवरून घ्यावी. डोळ्याची सात पटले, तीन द्रव, प्रमुख रोग आणि त्यांचे उपभेद, तसेच अंजने व औषधे कशी सिद्ध करावी हे ज्याला येते त्यालाच व्यवसायाची मोकळीक द्यावी. त्याच्यापाशी अर्म आणि सिराजाल यांच्यासाठी आकडे, खरवडण्याची साधने, रक्तमोक्षणाची पाती आणि अंजनांची पेटी हे सर्व असले पाहिजे.

यानंतर तो फिरत्या कह्हालांकडे वळतो. यांच्यावर विश्वास ठेवू नये, लोकांच्या डोळ्यांना शस्त्र लावताना यांना काही वाटत नाही, असे सांगून तो त्यांच्या औषधांची उकल करतो. अरबी शियाफ म्हणजे आपली वर्ती. हे लोक पिष्ट आणि डिंक यांची वर्ती वळतात आणि तिला रंग देतात : तांबडा शेंदराने, हिरवा हळद आणि निळीने, काळा बाभळीच्या कुळातील झाडाच्या रसाने, पिवळा केशराने. कोणी हिरड्याच्या बिया जाळून त्यात मिरे मिसळतात आणि ते अंजन म्हणून विकतात. हिरडा आणि मिरे ही दोन्ही द्रव्ये तेथे आपल्याच किनाऱ्यावरून जहाजांनी जात होती. मिरे झोंबते, डोळ्याला पाणी येते, आणि औषध लागू पडले असे गिऱ्हाइकाला वाटते. नऊशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आमच्या ओळखीची निघाली, कारण झोंबल्याखेरीज अंजन चांगले नाही असे सांगणारे गिऱ्हाईक आमच्याही दुकानात येते.

हे प्रकरण वाचल्यावर एका दुपारी आम्ही आमच्या स्वतःच्या औषधालयातील नेत्रौषधांचा खण उघडला. चंद्रोदया वर्तीच्या दोन डब्या आणि एका अंजनाची कुपी यांवर निर्मितीचा दिनांक आढळला नाही, वर्तींचा रंगही दोन्ही डब्यांत सारखा नव्हता. तिन्ही बाजूला काढून ठेवल्या आहेत. ज्यांनी त्या पुरवल्या त्यांना पत्र गेले आहे, उत्तराची वाट पाहत आहोत.